काठाची मोजणी

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर, आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ-बेल्याच्या पट्ट्यात, जेथे पुष्कळ घरांत मराठी आणि दफ्तरात तेलुगू चालते, तेथील नदीकाठच्या काळ्या जमिनीचा धनी एका गोष्टीला सरावलेला असतो : पहाणीपत्रकात क्षेत्र बापाच्या वेळचेच राहते, पण पावसाळ्यागणिक काठ थोडा खचतो, आणि कपाशीच्या ओळी आखूड झाल्या म्हणजे मग घट ध्यानी येते. हंटिंग्टनच्या आनुवंशिक व्याधीत मस्तिष्काच्या अंतर्भागी असेच काही घडते. तेथील द्रवपूर्ण विवराच्या काठाशी हालचालींचे नियमन करणारे पुच्छकेंद्रक असते. ते झिजू लागले की विवर त्या जागी पसरते, आणि एमआरआयच्या चित्रात एरवी फुगीर दिसणारी कड सपाट झालेली आढळते.

1872 साली जॉर्ज हंटिंग्टन या तरुण वैद्याने वर्णिलेल्या या रोगाचे वारसापत्र 1993 साली चौथ्या गुणसूत्रावर वाचता आले : ‘सीएजी’ ही तीन अक्षरे तेथे 40 वा अधिक वेळा लागोपाठ आली, तर पुरते आयुष्य लाभलेल्या मनुष्यास रोग टळत नाही, आणि रोगी मातेच्या वा पित्याच्या प्रत्येक अपत्यास हा वारसा मिळण्याचा संभव निम्मा असतो. जनुकावरून वारसाचे नाव ठरते. रोगाचा कबजा कुठवर आला, याचा पंचनामा चित्र करते. अंगविक्षेप सुरू होण्यापूर्वी दहाहून अधिक वर्षे ही झीज मोजता येते, हे अनेक वारसांच्या चित्रांवरून सिद्ध झाले आहे. परंतु अनेकांच्या सरासरीतून एकाच्या कपाळीची तारीख निघत नाही.

मग ही मोजणी कोणासाठी? औषध शोधणाऱ्यास ती हवीच, कारण लक्षणांची वाट पाहावी तर काठ तोवर वाहून गेलेला असतो. पण झीज थांबविणारे औषध हाती नसता आज धडधाकट असलेल्या वारसापुढे तोच आकडा ठेवणे, हे बांधाला दगड न देता धूप दाखविण्यासारखे आहे. जिची आई याच रोगाने गेली, आणि जिने व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या वंशावळी जमवून जनुकाचा माग सुकर केला, त्या नॅन्सी वेक्सलरने या पेचाला टायरेसियस या ग्रीक द्रष्ट्याचे नाव दिले. आपल्या लोककथेतला सहदेव अधिक शहाणा : सारे जाणतो, पण विचारल्यावाचून बोलत नाही. मोजणीचा अर्जही धन्यानेच करावा. विमेवाल्याने नव्हे, आणि काळजीपोटी थोरल्या भावानेही नव्हे. अर्ज न करणाऱ्यास भित्रा म्हणू नये. काठ खचतो हे पुरते ठाऊक असलेला शेतकरीही मृगाचा पाऊस पडला की शेवटच्या ओळीपर्यंत सरकी लावतो.