तपकीर आणि उपदेश

तपकिरीची चिमूट दोन बोटांत धरून "बाळ, ही सवय मात्र लावून घेऊ नकोस हो!" असे नातवाला बजावणारे आजोबा आपल्याकडे पुष्कळ घरांत होऊन गेले. नातू समोर मान डोलवी आणि पाठ वळली की हसे. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण अशाच एखाद्या नातवाला सुचली असावी. पण त्या हसण्यात दोन प्रश्नांची गल्लत होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. उपदेश करण्याचा अधिकार आजोबांना आहे काय, हा एक प्रश्न. आणि तपकीर वाईट काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'नाही' आले, म्हणून दुसऱ्याचे बदलत नाही.

ही घरगुती गल्लत जगाच्या मोठ्या व्यवहारातही होते. १९६८ च्या जुलैत अण्वस्त्रांच्या प्रसाराला आळा घालणारा करार सह्यांसाठी खुला झाला. १९७० च्या मार्चमध्ये तो अमलात आला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी बॉम्ब उडवला, त्या पाच राष्ट्रांकडे तो राहील. इतरांनी तो करू नये. मात्र शांततेच्या कामी अणुशक्ती वापरण्याचा हक्क सर्वांना असावा, असा तो सौदा. पाचांनीही निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी कराव्यात, असे त्यात लिहिले आहे. अर्धे शतक उलटून गेले, चिमूट अजून बोटांतच आहे.

भारताने सही केली नाही. नियम करायचा तर सर्वांना सारखा असावा, हे आपले म्हणणे होते, आणि ते न्यायाचेच होते. पुढे १९७४ साली पोखरणला स्फोट झाला. त्याचा परिणाम म्हणून अणुसामग्री विकणाऱ्या राष्ट्रांनी आपला गट बांधून दारे लावून घेतली. १९९८ साली आपण पुन्हा चाचण्या केल्या. अखेर ६ सप्टेंबर २००८ रोजी त्याच गटाने भारतापुरता अपवाद केला. थोडक्यात, नातवाने स्वतःची डबी घेतली आणि काही वर्षांनी आजोबांच्या पंक्तीला पाट मांडून घेतला!

आम्हा रत्नागिरीकरांना ही गोष्ट दूरची राहिली नाही. त्याच महिन्यात फ्रान्सशी अणुकरार झाला आणि त्यातून राजापूर तालुक्यातल्या जैतापूर-माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांची योजना पुढे आली. परदेशातून आणलेल्या अशा भट्टीवर व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासनिसांचा डोळा असतो. इंधन किती आले, किती जळले, जळालेले कुठे ठेवले, याचा हिशेब ते मागतात. कारण जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम काढता येते आणि प्लुटोनियमपासून बॉम्ब करता येतो.

परक्याने आपल्या घरची कोठी तपासावी यात कोणाला कमीपणा वाटेल. मला वाटत नाही. पंधरा-वीस राष्ट्रांच्या हाती ही अस्त्रे जातील, अशी भीती अध्यक्ष केनेडींनी १९६३ साली बोलून दाखवली होती. आज ती नऊ राष्ट्रांकडे आहेत. दक्षिण आफ्रिकेने तर तयार केलेले सहा बॉम्ब मोडून टाकले आणि १९९१ साली करारावर सही केली. विषम नियमानेही थोडे भले होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेवढ्यावर त्याची विषमता माफ करणे, हेही तसेच.

मग नियमाची परीक्षा करायची कोणत्या कसोटीने? तो सांगतो कोण, यापेक्षा तो मोडल्यास घाव कोणावर बसतो, हे पाहावे असे मला वाटते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब उडवला. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर एक जपानी मच्छीमार बोट होती. तिच्यावरच्या तेवीस जणांच्या अंगावर पांढरी राख पडली, सारे आजारी पडले, आणि बोटीवरचा बिनतारी यंत्रचालक त्याच वर्षी सप्टेंबरात दगावला. पंडित नेहरूंनी २ एप्रिलला लोकसभेत चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले, तेव्हा भारताजवळ बॉम्ब नव्हता. पण त्या शब्दांचे वजन तेवढ्यामुळेच होते असे मी मानत नाही. मिरकरवाड्याच्या एखाद्या तांडेलाला ती हकिकत सांगून पाहा. उपदेश कोणी केला हे तो विचारणार नाही, राख कुठवर आली हे विचारील.

आणि हाच प्रश्न माडबन आणि नाट्याच्या लोकांनी केला. त्यांची काळजी बॉम्बची नव्हती. जमिनीची, मासळीची, आंब्याची आणि अपघाताची होती. एप्रिल २०११ मध्ये नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. 'निर्णय तुमचा आणि धोका आमचा, हे कसे?' असे गावाचे म्हणणे. दिल्लीने पाच बड्यांना वर्षानुवर्षे विचारलेला प्रश्न याहून फारसा वेगळा नव्हता.

विषमतेची तक्रार करणाऱ्यावर एक ऋण चढते. खालून कोणी तीच तक्रार घेऊन आला, तर आपल्याला वरून मिळालेले उत्तर त्याला देता येत नाही. १९९८ नंतर भारताने चाचणी केलेली नाही, हा संयम मला मोलाचा वाटतो. पण ऋण त्याहून मोठे आहे, आणि त्याचा एक हप्ता आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर फेडायचा राहिला आहे.