डुलकीचा जाब

वाशिंदला आगगाडी पोचली 1 ऑक्टोबर 1855 रोजी. पुढची चार वर्षं रूळ इथेच संपत होते. आसनगावपर्यंतचा तुकडा 1860 मध्ये सुरू झाला. शहापूर-मुरबाडच्या भातपट्ट्यात मिनिटांवर चालणारं काम आलं ते या रुळांवरून. तोवर इथला माणूस झुंजूमुंजू होताच नांगर जुंपायचा, दुपारी भाकर खाऊन बांधावरच्या झाडाखाली अंग टाकायचा आणि ऊन कललं की पुन्हा शेतात उतरायचा. त्या झोपेचा हिशेब कुणी मागत नसे. राखणीची गोष्ट मात्र वेगळी होती. गावाचा जागल्या झोपला आणि चोरी झाली तर त्याला जाब द्यावा लागे. ज्याच्या जागेपणावर दुसऱ्याचा जीव किंवा माल अवलंबून आहे त्याची झोप निराळी, बाकीच्यांची निराळी, एवढी समज जुन्या व्यवस्थेला होती.

वैद्यकालाही होती. चरकसंहितेत एरवी दिवसा झोपू नये असं सांगितलं आहे, पण ओझी वाहून आणि वाट चालून थकलेल्यांना त्यातून सूट आहे. अष्टांगहृदयात वाग्भट आणखी नेमकं सांगतो: रात्री जागरण झालं असेल तर जितकं जागलं त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही खाण्याआधी झोपावं. गेलेली झोप हे देणं असतं आणि ते फेडावंच लागतं, हा विचार तिथे स्पष्ट आहे. रात्रपाळी करून घरी आलेल्या माणसाला हा सल्ला आजही जसाच्या तसा देता येईल.

मुंबईच्या गिरण्यांनी हा विचार मागे टाकला. गिरणीमालक कामगाराचा वेळच विकत घेत होता, त्यामुळे त्या वेळात मिटलेला डोळा म्हणजे मालकाचं नुकसान, जवळजवळ चोरी. हजेरी, दंड, खाडे हे सगळं याच समजुतीतून आलं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज पुढे केला तेव्हा त्यात काय मागितलं होतं, हे पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. रविवारची सुटी 10 जून 1890 रोजी मिळाली. लोखंडे कामगाराच्या थकव्याला त्याचा दोष मानत नव्हते. कामाच्या वेळापत्रकात तो घडतो हे त्यांनी ओळखलं होतं. पण पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची ती हद्दच पुसली गेली.

स्वातंत्र्यानंतर कारखाने अधिनियम 1948 ने दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, अशी चौकट घातली. त्याच्या दोन वर्षं आधी स्थायी आदेशांचा कायदा झाला होता. त्याखाली कारखान्याकारखान्यांत गैरवर्तनाच्या याद्या तयार झाल्या, आणि पुष्कळ याद्यांत ‘कामावर झोपणे’ हे कलम बसलं. विश्रांती एका कागदावर राहिली आणि शिक्षा दुसऱ्या. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचायची सवय आपल्या व्यवस्थापनांना लागली नाही, असं मला वाटतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्याचं आहे. 26 ऑगस्ट 1983 ला भारत फोर्जमधला एक कामगार पहिल्या पाळीत, सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी, कामाच्या जागी लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. चौकशी झाली, बडतर्फी झाली. कामगार न्यायालयाला ही शिक्षा फार कडक वाटली. प्रकरण वर चढत गेलं आणि जानेवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. एका झोपेचा निकाल लागायला एकवीस वर्षं लागली. आधी तीनदा त्याचा दोष सिद्ध होऊन किरकोळ शिक्षेवर भागलं होतं, हा मुद्दा निर्णायक ठरला. चौथ्या वेळी कंपनीने हात आखडता घेतला नाही, यात बेकायदा काही नव्हतं, हे मला मान्य आहे. तरीही निकालाचा सगळा भर कामगाराच्या पूर्वेतिहासावर राहिला. माणूस भर पाळीत गाढ झोपलेला सापडतो तेव्हा त्याची एकदा तब्येत पाहावी, घरून तो किती वाजता निघतो हे विचारावं, हा त्या काळच्या विचाराचा भागच नव्हता.

तो विचार करायला मोठ्या अपघातांनी भाग पाडलं. थ्री माइल आयलंड अणुकेंद्रातली घटना पहाटे चारची, चेर्नोबिलची मध्यरात्रीनंतर दीडच्या आधीची, भोपाळची वायुगळतीही मध्यरात्रीच्या सुमाराची. झोप हे यांतल्या कशाचंही एकमेव कारण नव्हतं, पण माणसाचं शरीर ज्या तासांत सर्वांत मंद चालतं त्याच तासांत हे सगळं घडलं. 1987 मध्ये अमेरिकेत पीच बॉटम अणुवीज केंद्रात नियंत्रण कक्षातले कर्मचारी झोपत असल्याचं उघड झालं, तेव्हा नियामकाने अख्खं केंद्र बंद ठेवलं. झोपणाऱ्यांबरोबर संस्थाही जबाबदार धरली गेली. मग ‘नासा’ने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात आळीपाळीने 40 मिनिटं विश्रांती देऊन पाहिली. ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि त्यानंतर अधिक सावध राहिले.

आपल्याकडे 22 मे 2010 ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीपुढे दरीत गेलं, 158 माणसं गेली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत निघालं की मुख्य वैमानिक प्रवासातला दीड तासाहून अधिक काळ झोपेत होता आणि उठल्यावरही त्याच्या निर्णयावर झोपेचा अंमल राहिला. जागल्याच्या कामात अनियोजित झोप किती महाग पडते ते इथे दिसतं. म्हणूनच झोप आखून द्यायला हवी.

रेल्वेला हे यंत्राच्या भाषेत कळलेलं आहे. लोकलच्या मोटरमनच्या हाताखालचा हँडल सुटला की ब्रेक लागतो. इंजिनात लोको पायलटने मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो, मग गाडी थांबते. माणूस चांगला असला तरी त्याला झोप येणारच, हे इथे गृहीत धरलेलं आहे. कार्यालयं आणि कारखाने एवढा समजूतदारपणा अजून दाखवत नाहीत.

न्यायालयं मात्र दाखवू लागली आहेत. 2012 मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोपेला जीविताच्या हक्कात जागा दिली. एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रात्रभर जबाब नोंदवण्याबद्दल ईडीला सुनावलं. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे तिथल्या परिवहन महामंडळाच्या एका कॉन्स्टेबलचं प्रकरण आलं. तो ड्युटीवर झोपल्याचा व्हिडिओ पसरला आणि तो सस्पेंड झाला. न्यायालयाने त्याच्या ड्युटीचे तास पाहिले. माणसं कमी म्हणून त्याच्याकडून साठ दिवस रोज दोन पाळ्या, म्हणजे सोळा तास, काम घेतलं गेलं होतं. निलंबन रद्द झालं. पुण्याच्या प्रकरणात पुरावा कामगाराचा इतिहास होता, इथे पुरावा मालकाचं वेळापत्रक ठरलं. चाळीस वर्षांत कल्पनेने घेतलेलं हे वळण मला फार मोलाचं वाटतं.

पण वळण पुरतं रुजायच्या आतच ते उलटं फिरायची भीती आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तेच राहतील असं सांगितलं गेलं, पण तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही 115 वरून 144 तासांवर गेली. वाशिंदच्या माणसाने हा हिशेब आपल्या घड्याळावर मांडून बघावा. इथून सीएसएमटी सुमारे 80 किलोमीटर. ठाणे-अंबरनाथला जाणारा कामगारसुद्धा कल्याणची गर्दी आणि पुढची रिक्षा धरून जाऊन-येऊन चार तास घालवतो. बारा अधिक चार झाले सोळा. उरलेल्या आठांत अंघोळ, जेवण, पोरांचा अभ्यास, बाजार आणि झोप. बाई असेल तर त्याच आठांत सगळ्यांचे डबे. मुरबाडला तर रेल्वेच नाही, तिथला सिक्युरिटी गार्ड आधी एसटी धरतो, आणि बदलीचा माणूस आला नाही तर दुसरी पाळीही त्याच खुर्चीवर काढतो. पहाटेच्या कसारा लोकलमध्ये बघा, बॅगेवर डोकं टेकून डबाच्या डबा झोपलेला असतो आणि कल्याण आलं की शेजारचा हलवून उठवतो. कामावर लागणारी डुलकी तिथे सुरू झालेली असते.

कार्मिक अधिकाऱ्यांना आणि कामगार संघटनांना माझं सांगणं एवढंच आहे. झोपलेल्याला मेमो देण्याआधी त्याच्या मागच्या पंधरा दिवसांचा ड्युटी चार्ट आणि घरून निघण्या-पोचण्याच्या वेळा चौकशीच्या फायलीत लावा, आणि रात्रपाळीला वीस मिनिटं पाठ टेकायला जागा द्या. तेवढं केल्यानंतरही जो झोपेल, त्याला जरूर जाब विचारा.