वाचून दाखवले, बरोबर आहे

कोर्टात साक्ष संपली की कागदाच्या तळाशी एक ओळ येते : साक्षीदाराला वाचून दाखवले, बरोबर असल्याचे त्याने मान्य केले. त्याखाली सही किंवा अंगठा. स्टेनो म्हणून माझी सगळी नोकरी या ओळीपर्यंत पोचण्यात गेली. आता काही कोर्टांत बोललेले ऐकून यंत्रच कागद तयार करते. माझी भाची विचारते, ‘मावशी, शॉर्टहँड शिकू का? की हे काम संपलंच?’ तिला नोकरीची काळजी आहे आणि ती रास्त आहे. मला मात्र त्यामागचा प्रश्न सोडत नाही. शपथेवर सांगितलेले कोणीतरी ऐकले, असे केव्हा म्हणायचे?

27 ऑगस्ट 1981 रोजी आमच्या औरंगाबाद शहरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. वडील म्हणाले, आता इथे कोर्टाचे काम वाढणार, तू स्टेनो हो. औरंगपुऱ्यातल्या एका वर्गात मी पिटमनच्या रेघा गिरवल्या आणि मग मराठी लघुलेखनही शिकले. शंभराच्या वेगाची परीक्षा दिली, नोकरी लागली, तालुक्यांच्या गावांतून बदल्या झाल्या. अदालत रोडवरून जाताना काळे कोट दिसले की अजूनही पाय रेंगाळतात.

बाहेरच्या माणसाला वाटते, स्टेनो साक्षीदाराचे बोलणे लिहून घेतो. तसे नसते. साक्षीदार त्याच्या बोलीत सांगतो, न्यायाधीश ते ऐकून, आटोपशीर करून आम्हाला सांगतात आणि ते आम्ही लिहितो. फौजदारी कायद्यानेच साक्ष सहसा अशी सलग निवेदनासारखी नोंदवायला सांगितली आहे. त्यात सोय आहे आणि धोकाही. एका सत्र खटल्यात शेतमजूर बाई साक्षीला होती. रात्रीची घटना, दिवा नव्हता. ती चाचरत बोलली, आवाजावरून तो वाटला म्हणाली. कागदावर आले : मी आरोपीला ओळखले. सरतपास, उलटतपास झाला, वाचन सुरू झाले, आणि त्या वाक्याशी बाईने पदर सावरून हात वर केला. ‘म्या तसं न्हाई म्हनलं, साहेब. मला तसं वाटलं, एवढंच.’ साहेबांनी वाचन थांबवले आणि दुरुस्ती करायला लावली. पलीकडे बसलेल्या माणसाच्या आयुष्याचा निवाडा त्या ‘वाटलं’वर टेकला होता.

यंत्र असते तर तिचे चाचरणे पहिल्यापासून कागदावर राहिले असते. हे मी मोकळेपणाने मान्य करते. गरीब, अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसाचे शब्द जसेच्या तसे राहणार असतील तर त्या यंत्राचे स्वागत आहे. 21 फेब्रुवारी 2023 पासून सर्वोच्च न्यायालयात घटनापीठापुढचा युक्तिवाद यंत्राने लिहायला सुरुवात झाली, आणि त्या दिवशी पुढे होता तो आपल्याच राज्यातल्या सत्तासंघर्षाचा खटला. केरळने 1 नोव्हेंबर 2025 पासून खालच्या कोर्टांत साक्षी अशा यंत्राने नोंदवणे बंधनकारक केले. आपल्याकडेही हे येणार.

पण साक्ष म्हणजे नुसता आवाज नसतो. ‘एवढ्या लांबून बघितलं,’ असे म्हणून साक्षीदार कठड्यापासून दाराकडे बोट दाखवतो. यंत्र ‘एवढ्या’ लिहील. कोणीतरी मान वर करून ते बोट पाहिले आणि अंतर नोंदवले, तरच त्या शब्दाला अर्थ येतो. साक्षीदार थांबतो, घाम पुसतो, आरोपीकडे बघून नजर खाली घालतो. साक्षीदाराच्या अशा वागण्याबद्दल शेरा लिहिण्याचे काम कायद्याने न्यायाधीशावर टाकले आहे. साक्षीदार गप्प राहिला तर त्या गप्प राहण्याचीही कोणीतरी दखल घ्यावी लागते.

शपथेचा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो किंवा तेवढ्याच गांभीर्याने प्रतिज्ञा करतो. त्याच कायद्याप्रमाणे साक्षीदाराचे बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणाऱ्या दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते, कारण तोही खोटे बोलू शकतो. यंत्राला शपथ घालता येत नाही. ते खोटे बोलत नाही हे खरे, पण चुकले तर त्याला त्याची टोचणीही नसते. मग त्याच्या कागदाला जबाबदार कोण, हे नाव घेऊन सांगता आले पाहिजे.

आमच्या घरी यमद्वितीयेला चित्रगुप्ताचे नाव निघायचे. त्याच्या वहीतून काही सुटत नाही, ही श्रद्धा मीही बाळगते. पण ती वही कोणाला वाचून दाखवावी लागत नाही, कारण लिहिणारा सर्वज्ञ आहे. माणसाने लिहिलेली वही तशी नाही, आणि माणसाने बनवलेल्या यंत्राचीही नाही. मला भीती यंत्राच्या चुकांची नाही. लोक त्याला चित्रगुप्त मानू लागतील आणि तपासणे सोडून देतील, याची आहे.

आपल्या मराठीला या यंत्राहून चांगला लेखनिक मिळालेला आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले त्यांना गाठून त्यांनी आठवणी मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. त्या लीळांपैकी कितीतरी इथून जवळच्या पैठणात घडलेल्या. महानुभाव परंपरेत एकाच लीळेची एकाची आठवण एक, दुसऱ्याची दुसरी, असे असले तर दोन्ही जपलेल्या दिसतात. म्हाइंभट काही सर्वज्ञ नव्हते. सांगणाऱ्याकडे परत जाण्याचे कष्ट त्यांनी घेतले, आणि माझ्या मते श्रद्धेचे काम ते हेच.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 278 मध्ये मला तीच वृत्ती दिसायची. साक्ष पूर्ण झाली की आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष ती साक्षीदाराला वाचून दाखवायची. त्याने एखादी गोष्ट नाकारली तर न्यायाधीश दुरुस्ती करू शकतात, किंवा लिहिलेले तसेच ठेवून त्याच्या हरकतीची टीप जोडू शकतात. म्हणजे कागदही राहतो आणि माणसाचे म्हणणेही राहते. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली, तिनेही ही तरतूद ठेवली आहे. दिवसभराचे बोर्ड, म्हणजे कामांची यादी, मोठी असली की सर्वांत आधी हेच वाचन घाईत गुंडाळले जाते, हे कोर्टात वावरलेला प्रत्येकजण जाणतो.

म्हणून भाचीला मी सांगितले, शिक. हाताच्या वेगावर उद्या पोट भरेल असे मी म्हणत नाही. यंत्राने लिहिलेला कागद हातात घेऊन साक्षीदारासमोर बसणारा, त्याला कळेल अशा बोलीत सावकाश वाचणारा, तो अडखळला तर थांबणारा माणूस कोर्टाला लागणारच आहे. त्या कामाला कान, भाषा आणि धीर लागतो, आणि हे सगळे शॉर्टहँडने घडते. स्टेनोंच्या जागा कमी करण्याआधी हे काम त्यांच्याकडे रीतसर सोपवावे, असे माझे न्यायव्यवस्थेला सांगणे आहे.

आणि तुमच्यावर कधी साक्षीची वेळ आली, तर कितीही घाई असली तरी म्हणा, ‘साहेब, आधी वाचून दाखवा.’ तो तुमचा हक्क आहे. ऐकल्याशिवाय सही करू नका.