क्षेमाची किंमत

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण तीन निरनिराळ्या गोष्टी करतो, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल हे सहसा मनात येत नाही. आपण धनाची पूजा करतो, वैद्यांचा देव जो धन्वंतरी त्याला हात जोडतो, आणि दिवेलागणीला एक दिवा दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी ठेवतो. पैसा, आरोग्य आणि अपमृत्यूचे भय यांना एकाच तिथीला आणून बसवणाऱ्या पूर्वजांना संसाराची जाण चांगलीच असली पाहिजे. आज घरोघरी पडणारा एक प्रश्न नेमका या तिहींच्या मध्ये उभा आहे. नोकरीच्या ठिकाणी आरोग्याचा विमा मिळालेला असताना पदरचे पैसे घालून आणखी पुरवणी विमा आणि अपंगत्वाचा विमा घ्यावा काय?

प्रश्न केवळ हिशेबाचा असता तर कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत सुटला असता. परंतु त्याच्या मुळाशी एक तक्रार असते: इतकी वर्षे हप्ते भरले, हाती काय लागले? आपण आजारी पडलो नाही याचे दुःख मानणारा प्राणी माणसाखेरीज दुसरा नसेल! तथापि थट्टा सोडली तर ही तक्रार पोकळ नाही. विमा कंपनीला आपला खर्च आणि नफा काढायचा असतो. सर्वांकडून ती जेवढे घेते तेवढे सर्वांना मिळून परत देत नाही. सरासरीने पाहिले तर विमा उतरवणारा तोट्यातच राहतो. मग शहाणी माणसे जाणूनबुजून तोट्याचा व्यवहार का करतात?

याचे उत्तर दानिएल बर्नुली या स्विस गणितज्ञाने १७३८ मध्ये एका उदाहरणाने दिले. कायस नावाच्या कल्पित व्यापाऱ्याला ॲमस्टरडॅमहून पीटर्सबर्गला १०,००० रूबलांचा माल समुद्रमार्गे आणायचा आहे. त्या ऋतूत शंभरांतली पाच जहाजे बुडतात; म्हणजे रास्त हप्ता ५०० रूबल झाला. विमेवाले मात्र ८०० मागतात. कायसने काय करावे? बर्नुली म्हणतो, या मालाखेरीज त्याच्यापाशी ५,०४३ रूबलांहून कमी संपत्ती असेल तर त्याने विमा उतरवावा. अधिक असेल तर खुशाल धोका पत्करावा. माल तोच, समुद्र तोच, हप्ताही तोच. तरी एकाला जे शहाणपण ते दुसऱ्याला उधळपट्टी. कारण नुकसान हे गेलेल्या पैशावरून मोजायचे नसते, ते मागे उरलेल्या पैशावरून मोजायचे असते.

ही कसोटी आपल्या घराला लावून पाहावी. जो खर्च चार महिने हात आखडून भागेल, त्याचा विमा नको. सर्दी-पडसे, चष्मा, दोन दिवसांचे रुग्णालयातले वास्तव्य हे आपले आपण सोसावे. ज्या खर्चाने राहते घर विकावे लागेल, त्याचा विमा हवा. आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ मध्ये आला. आता त्यावर ‘टॉप-अप’ नावाची पुरवणी मिळते. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपण किंवा आपल्या मूळ विम्याने सोसायचा, त्यापुढचा तिने. म्हणूनच तिचा हप्ता मूळ विम्याच्या मानाने हलका असतो. त्यातही साधी टॉप-अप प्रत्येक आजारपणाचा खर्च वेगळा धरते, तर सुपर टॉप-अप वर्षाचा सगळा खर्च एकत्र धरते. वारंवार रुग्णालयाची पायरी चढावी लागणाऱ्याला हा भेद फार मोठा आहे.

परंतु रुग्णालयाचा विमा रुग्णालयाचे बिल भागवतो, वाण्याचे नाही. मिळवता माणूस दोन वर्षे अंथरुणाला खिळला तर औषधांहून मोठे संकट थांबलेल्या पगाराचे असते. शिवाय नोकरीतून मिळालेला विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. म्हणजे दुखणे लांबून नोकरी गेली की नेमक्या गरजेच्या वेळी छत्री हातातून जाते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपये मिळतात. सोय चांगली आहे. पण ती अपघातापुरती. पक्षाघाताने हात लुळा पडला तर ती उपयोगी पडत नाही. त्यासाठी निवडक गंभीर आजारांचे निदान होताच ठोक रक्कम देणारा विमा असतो, आणि कोणते आजार त्या यादीत आहेत हे वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये.

इथे एक जुना आक्षेप पुढे येतो. आपल्या आजोबांनी कुठे विमा उतरवला होता? देव होता, भाऊबंद होते. खरे आहे. १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या महामंडळाने आपले ब्रीद गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतले, जिथे भगवंत भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे वचन देतो. देवाचे काम महामंडळाकडे आले असे कोणी म्हटले तर हसू येईल. पण एकत्र कुटुंबाचे काम आले यात शंका नाही. ते कुटुंब फुकट सांभाळत नव्हते, हे मात्र आपण विसरतो. दिराच्या आश्रयाला राहिलेली विधवा पहाटे सर्वांच्या आधी उठून चूल पेटवी आणि सर्वांच्या शेवटी जेवी. तिचा हप्ता चुकत नसे. तो पैशाऐवजी मिंधेपणात भरला जाई. विमा माणसाला या मिंधेपणातून सोडवतो. कपाळावर हात ठेवण्याचे काम मात्र त्याला जमत नाही. ते अजून माणसांकडेच आहे.

आता वाया गेलेल्या हप्त्याविषयी. तो कुठेही नाहीसा होत नाही. ज्या वर्षी आपण धडधाकट राहिलो, त्या वर्षी आपल्या पैशाने कोणा अनोळखी माणसाची शस्त्रक्रिया झाली. म्हणूनच अर्ज भरताना मधुमेह लपवणे ही कंपनीला दिलेली हूल नसून त्या अनोळखी सोबत्यांच्या डब्यात घातलेला हात आहे. आणि अशी लपवाछपवी उघडकीस आली की दावा फेटाळला जातो तो वेगळाच. आधीपासून असलेल्या आजारासाठी, २०२४ च्या नियमांनुसार, जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागू शकते. तहान लागल्यावर खणायची ही विहीर नव्हे.

तेव्हा घ्यावा की न घ्यावा? माझ्या मते हा निर्णय मिळवत्या माणसाने एकट्याने करू नये. ‘मला काय होणार आहे?’ हा त्याचा प्रश्न शूरपणाचा असेल, पण अपुरा आहे. त्याला काही झाले तर कोणाचे शिक्षण थांबेल, कोणाला कोणाच्या दारात उभे राहावे लागेल, हे सगळ्यांनी एकत्र बसून बोलावे. जे सोसवेल त्याचे भय बाळगू नये, आणि जे सोसवणार नाही त्याची किंमत वेळेवर मोजावी. दिवाळीत सगळे घर एका जागी असते. हे बोलणे अशुभ मानून टाळण्याचे कारण नाही. यमाचा दिवा आपण लावतोच की!