नजर कोणाची सुधारायची?

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-बलदमध्ये माणसाला त्याच्या दोन डोळ्यांची आठवण करून दिली आहे आणि त्यानंतर गुलामाला मुक्त करण्याची व भुकेल्याला जेवू घालण्याची अवघड चढण दाखवली आहे. डोळे कशासाठी दिले, याचे उत्तर त्या क्रमातच आहे. हे ध्यानात ठेवून आपल्या घराघरांत विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाकडे वळू. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेझर शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे अल्लाहच्या रचनेत फेरफार करणे होय काय?

या शस्त्रक्रियेत नेमके काय होते, ते आधी पाहू. बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. लॅसिक पद्धतीत त्याचा पातळ पापुद्रा उचलून खालचा थर एक्सायमर लेझरने घडवला जातो आणि पापुद्रा पुन्हा जागेवर ठेवला जातो. पडद्याचा बाक बदलला की प्रकाश दृष्टिपटलावर नेमका पडतो. हा किरण आजूबाजूचा भाग न भाजता ऊती कोरू शकतो, हे 1981 मध्ये अमेरिकेत मूळ मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. नेत्रविद्या आपल्या परंपरेलाही परकी नाही. हजार वर्षांपूर्वी कैरोत इब्न अल्-हैसम यांनी दृष्टी व प्रकाश यांवर ग्रंथ लिहिला आणि अम्मार बिन अली अल्-मौसिली यांनी पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची पद्धत वर्णिली.

आता शरिअतचा दृष्टिकोन. सूरह अन्-निसामध्ये अल्लाहची रचना बदलण्याला सैतानाची फूस म्हटले आहे. परंतु विद्वानांनी दोन गोष्टींत भेद केला आहे. दोष दूर करणे वेगळे आणि निर्दोष अवयवाला केवळ मिरवण्यासाठी नवे रूप देणे वेगळे. ह. अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा आदरणीय प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने निषिद्ध असतानाही ही सवलत मिळाली. अंधुक दिसणे हाही दोषच आहे. त्यामुळे तज्ज्ञ डॉक्टरने डोळा योग्य ठरवला असेल, तर ही शस्त्रक्रिया मुबाह, म्हणजे अनुज्ञेय आहे.

माझ्या परिचयातील एका शिक्षिका भगिनीने तिचा अनुभव सांगितला. बधिर करणारे थेंब घातल्यावर वेदना झाली नाही, पण पापण्या चिमट्याने उघड्या धरलेल्या होत्या. काही क्षण समोरचे सारे काळवंडले. नंतर केस जळल्यासारखा वास आला. ती म्हणाली, "मौलाना, डोळे मिटता येणे हीही नेमत आहे, हे मला त्या मिनिटांत कळले." त्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग झाली. सकाळी भिंतीवरचे घड्याळ चष्म्याविना दिसले. मात्र डोळ्यांचा कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये पुढे काही आठवडे राहिली.

या काळात डोळा चोळणे व त्यात पाणी जाणे टाळावे लागते. म्हणून वुजूचा प्रश्न येतो. वुजूमध्ये डोळ्याच्या आतील भाग धुणे मुळात फर्ज नाही. डॉक्टरने डोळ्याभोवती पाणी लावण्यास मनाई केली असेल, तर उरलेला चेहरा जपून धुवावा. हनफी मताप्रमाणे वर्जित भागावरून ओला हात फिरवावा. त्यानेही अपाय होत असेल, तर तेही माफ आहे. कोकणातील आपले शाफई बांधव निरोगी भाग धुऊन न धुतलेल्या भागासाठी तयम्मुमही करतात. डोळ्यांत थेंब घातल्याने या दोन्ही मतांप्रमाणे रोजा तुटत नाही.

येथपर्यंतचे उत्तर सोपे आहे. खरा पेच पुढे आहे. एका पित्याने मला विचारले, "मुलीचा कॉर्निया पातळ आहे, डॉक्टर नको म्हणतात. पण चष्म्यामुळे दोन स्थळे परत गेली. दुसऱ्या डॉक्टरकडे न्यावे काय?"

माझे उत्तर स्पष्ट होते: नाही. पातळ पडद्यावर लेझर चालवला, तर तो पुढे फुगत जाऊन दृष्टी कायमची बिघडू शकते. डोळा ही त्या मुलीकडे अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. पाहुण्यांच्या पसंतीसाठी ती पणाला लावण्याचा अधिकार तिला नाही, मग पित्याला कोठून असणार? उपचार करून घेण्याची मुभा आहे, पण इजा ओढवून घेण्याची मुभा नाही.

आणि ज्या मुलींचे डोळे योग्य आहेत, त्यांच्याबाबतही नियत तपासावी. स्पष्ट दिसावे, काम सुकर व्हावे, म्हणून मुलीने स्वतः शस्त्रक्रिया मागितली, तर तिला आडकाठी करू नये. परंतु तिची इच्छा नसताना, व्याजावर पैसे काढून, केवळ स्थळासाठी तिला टेबलावर झोपवणे हा तिच्यावर अन्याय आहे. त्या अन्यायाचा वाटा मागणी करणाऱ्यांच्या पदरीही पडतो. शिवाय, लेझरने दूरचा नंबर गेला, तरी चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा बहुधा लागतोच. चष्मा पाहून मुलगी नाकारणारे घर त्या दिवशी काय करणार? निकाहासाठी जोडीदार निवडताना दीनदारीला प्राधान्य द्या, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. तिच्यात काचेच्या जाडीला स्थान नाही.

वाचक बंधुभगिनींनो, मुलीच्या डोळ्यांचा दोष नंबरात मोजता येतो आणि तो चष्म्याने भरूनही निघतो. तिच्यात चष्म्यापलीकडे काहीच न पाहणाऱ्या नजरेचा दोष कोणत्याही यंत्राने जात नाही. त्यावर ईशभय हाच उपचार आहे आणि तो मुलाच्या आईवडिलांनी आपल्या घरापासून सुरू करावा.

अल्लाह आपल्या डोळ्यांना प्रकाश आणि अंतःकरणांना दृष्टी देवो. आमीन.