स्वर्गाला भूसंपादन लागत नाही

बायबलच्या शेवटच्या ग्रंथात एक शहर आकाशातून खाली उतरतं. लांबी, रुंदी, उंची सारखी, बारा वेशी, त्याही कधी बंद न होणाऱ्या. नगररचना खात्यात नोकरी केलेल्या बाईला हे वाचून आधी हेवाच वाटतो. सर्व्हे नंबर नाहीत, सातबारा नाही, आधीपासून राहणारं कुणी नाही. त्या नव्या जेरुसलेमात देऊळही नाही. देव स्वतःच मुक्कामाला आल्यावर वेगळं देऊळ कशाला, असा त्यामागचा विचार.

अमेरिकेच्या नगररचनेचा इतिहास आम्हाला चळवळींच्या नावांनी शिकवला गेला: सिटी ब्यूटिफुल, झोनिंग, अर्बन रिन्यूअल, न्यू अर्बनिझम. परीक्षेपुरतं ते ठीक होतं. निवृत्तीनंतर मुलाकडे शिकागोला जाणं-येणं सुरू झालं, तेव्हा या सगळ्या नावांखाली मला एकच श्रद्धा दिसायला लागली. जागा नीट आखा, माणूस आपोआप नीट होईल.

विल्यम पेन क्वेकर पंथाचा. १६८२ मध्ये त्याने फिलाडेल्फिया आखलं: सरळ रस्ते, पाच चौक, प्रत्येक घर आपल्या प्लॉटच्या मधोमध आणि भोवती बाग. लोकांनी काय केलं? प्लॉटचे तुकडे पाडले, मधून बोळ काढले आणि भिंतीला भिंत लावून घरं बांधली. आज पर्यटक फोटो काढतात ते त्यातल्याच एल्फ्रेथ्स ॲली नावाच्या बोळात. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या याच शहरात, आणि तोवर पेनची बागांमधली घरं कधीच कागदावर राहिली होती. १८३३ मध्ये जोसेफ स्मिथने मॉर्मनांसाठी एक चौरस मैलाचं ‘झायन’ आखलं, मध्यभागी चोवीस मंदिरं. मिझुरीतल्या ज्या परगण्यात ते बांधायचं होतं तिथून त्याच वर्षी शेजाऱ्यांनी मॉर्मनांना हुसकून लावलं.

शिकागोचा वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅम स्वीडनबोर्ग या स्वीडिश गूढवाद्याच्या पंथात वाढला. त्या पंथाच्या चर्चचं नावच नवं जेरुसलेम, आणि स्वीडनबोर्गने वर्णिलेल्या स्वर्गात घरं, बागा, रस्ते असं सगळं आहे. बर्नहॅमने १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सरोवराकाठी पांढरंशुभ्र शहर उभं केलं. विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. तिथले महाल मात्र प्लास्टर आणि तागाचे होते. पुढच्याच जुलैत त्यातले बरेचसे जळाले, पण शहर देखणं केलं की नागरिक सुसंस्कृत होतो ही कल्पना तगली आणि १९०९ च्या ‘प्लॅन ऑफ शिकागो’मध्ये जाऊन बसली. बर्नहॅमचं मला कौतुक आहे. सरोवराचा काठ लोकांसाठी मोकळा राहिला, यात त्या प्लॅनचा मोठा वाटा आहे.

त्याच जुलैत शहराच्या दक्षिणेला पुलमन गावाचा संप पेटलेला होता. मला हे गाव अमेरिकेतल्या कुठल्याही कॅथीड्रलपेक्षा जास्त धार्मिक वाटतं. जॉर्ज पुलमन रेल्वेचे शयनयान डबे बनवायचा. १८८० मध्ये त्याने कामगारांसाठी अख्खं गाव बांधायला घेतलं. विटांची पक्की घरं, गॅस, नळ, वाचनालय, नाट्यगृह. दारू गावात मिळायची ती फक्त फ्लॉरेन्स हॉटेलच्या बारमध्ये, आणि तिथे कामगाराचं काम नव्हतं. घर विकत मिळत नसे, सगळं भाड्याने. गुंतवणुकीवर सहा टक्के सुटले पाहिजेत हा नियम, आणि तो चर्चलाही लागू. गावासाठी देखणं हिरव्या दगडाचं चर्च बांधलं, सगळ्या पंथांनी मिळून वापरावं म्हणून. भाडं इतकं की कुठल्याच मंडळीला परवडेना. चर्चला काही वर्षं कुलूपच होतं. ते आजही उभं आहे. मी गेले तेव्हा भिंतीवरून हात फिरवला, तर दगडाचे पापुद्रे सुटत होते आणि बोटांना हिरवट भुकटी लागली.

१८९३ च्या मंदीत पुलमनने मजुरी कापली, घरभाडं तेवढंच ठेवलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: संप, फौज, गोळीबार. शिकागोतल्याच गरीब वस्तीत राहून काम करणाऱ्या जेन ॲडम्सने त्यावर एक लेख लिहिला. तो छापायला कुणी धजेना, १९१२ पर्यंत पडून राहिला. तिने पुलमनला किंग लिअर म्हटलं. आपल्याला ‘नटसम्राट’मुळे हा बाप नवा नाही. द्यायचं सगळं, पण मनात कृतज्ञतेची वसुली धरून. पुलमनला कामगारांचं भलं करायचं होतं यात मला शंका नाही, पण ते भलं त्याला परताव्यासकट हवं होतं. फळाची आशा धरून केलेल्या परोपकाराबद्दल गीतेला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला घरं विकायला लावली.

माझं आजोळ ऋद्धपूरचं, महानुभावांचं. तिथे जागेचा हिशोब उलटा. चक्रधरस्वामी जिथे बसले, जेवले, निजले, ती जागा वंद्य. स्थानपोथीत अशा जागा दिशांसकट टिपून ठेवल्या आहेत. जागा आखून कुणी संत झालं नाही. माणूस बसला म्हणून तिथे ओटा आला. मी त्या ओट्यांवर खेळले आणि पोट भरलं ते नेमकी उलटी श्रद्धा राबवून. एका विकास आराखड्याच्या सुनावणीत एक म्हातारी मला म्हणाली होती, “मॅडम, तुमची बाग माझ्या चुलीवर पडलीया.” नकाशात तिचं घर हिरव्या रंगाखाली होतं.

सेंट लुईसच्या प्रूइट-आयगो या सरकारी गृहसंकुलाचे अकरा मजली तेहतीस ठोकळे १९५४ पासून वसले आणि १९७२ पासून सुरुंगाने पाडले गेले. आर्किटेक्टच्या नावाने खडे फोडणं सोपं आहे. पण देखभाल भाड्यातूनच करायची आणि भाडेकरू दिवसेंदिवस गरीब होत जाणारे, हे गणित कुठल्याही डिझाइनला सुटलं नसतं. इमारतीने माणूस बिघडला म्हणणारे आणि इमारतीने तो सुधारतो म्हणणारे, दोघे एकाच पंथाचे. लेखिका जेन जेकब्जने १९६१ च्या पुस्तकात या पंथाला हात घातला, रस्त्यावरची माणसं आधीच काय करताहेत ते बघा म्हणाली. पुढे तिचंच नाव घेत न्यू अर्बनिझमवाल्यांनी ओसरीची लांबी-रुंदी नियमात बसवली. त्यांचं फ्लोरिडातलं सीसाइड इतकं नीटनेटकं की ‘द ट्रुमन शो’ या सिनेमाने खोटं गाव म्हणून तेच निवडलं.

१९८१ मध्ये डेट्रॉइटचं पोलटाउन जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी रिकामं करण्यात आलं. सुमारे ४,२०० माणसं, बरीचशी पोलिश आणि कृष्णवर्णीय. तिथलं इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च धर्मपीठाने विकून टाकलं. शास्त्राला धरूनच झालं म्हणायचं, कारण ख्रिस्ती शिकवणीत चर्च म्हणजे भक्तमंडळी, विटा नव्हेत. ते न पटलेल्या म्हाताऱ्या बायका तळघरात ठाण मांडून बसल्या आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. एक ज्यू कब्रस्तान मात्र कारखान्याच्या कुंपणाआत तसंच राहिलं, वर्षातून दोन दिवस उघडतं. हे संपादन वैध ठरवणारा निकाल मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वतःच मोडीत काढला.

मी तळघरातल्या बायकांच्या बाजूची. पण ती फाइल माझ्या टेबलावर आली असती तर ‘सार्वजनिक प्रयोजन’ या सदराखाली लागणारे सगळे कागद तिच्यात नीट लावलेले असते. बायकांसाठी हरकतीचा अर्ज होता. ‘इथे आमच्या पोरांचे बाप्तिस्मे झाले’ असं त्यात कुणी लिहिलं असतं, तर मालकीचा पुरावा जोडलेला नाही म्हणून आमच्या कारकुनाने तो परत केला असता.