विभक्तात अविभक्त

आजचं चिंतन: गीता, अध्याय 18, श्लोक 20.

वेगवेगळ्या दिसणाऱ्या जिवांत एकच अखंड तत्त्व बघणं, हे सात्त्विक ज्ञान, असं भगवंत सांगतात. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून हे पटकन पटतं. पण शेकरूचं बघा. ते झाडावरून झाडावर जातं, जमिनीवर क्वचितच उतरतं. सदाहरित जंगलाच्या मधे रुंद रस्ता आला की त्याची वाट तिथेच तुटते.

सह्याद्रीतले असे तुकडे जोडायचे प्रयत्न झालेत. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना मिळून एकच जागतिक वारसा मानलं. आपली कास, कोयना, चांदोली, राधानगरी त्यात आहेत.

पण जंगल अखंड राहावं म्हणून चांदोलीतली गावं उठली. माणसं घर, शेत, ग्रामदेवता मागे ठेवून गेली.

मग जंगल वाचवू नये का? वाचवायलाच हवं. पण त्याची किंमत मोजणाऱ्यांचं पुनर्वसन म्हणजे 'सरकारचं काम' म्हणून आपण मोकळे झालो, तर तोही एक तुकडा पाडणंच झालं ना?

आज नाम घेताना शेकरूही आठवूया, आणि ती घरंही.